हाताची घडी

आई, तुमची खुर्ची आज मी तळघरात नेऊन ठेवली. तुम्ही सांगलीला परत गेलात त्यालाही दोन वर्षं झाली, पण ती स्वयंपाकघरात खिडकीशी तशीच होती. सईचं दप्तर, इस्त्रीचे कपडे, जुनी वर्तमानपत्रं, सगळं तिच्यावर. तुम्हाला ती एक दिवसही आवडली नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ती हलवली नाही. हलवली असती तर तुमचं म्हणणं बरोबर होतं असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि तुम्ही फोनवरूनसुद्धा ते ओळखलं असतंत.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. उद्या तेरावा. सुहास तिकडे सांगलीला आहे आणि मी इथे जर्मनीत, वाल्डॉर्फमध्ये, कांजिण्यांनी लालेलाल झालेल्या सईच्या अंगाला औषध लावत बसले आहे. सासूच्या दिवसांना सून हजर नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बरं झालं, तेवढीच चपात्यांची कणीक कमी." बारा दिवस मी रोज रडायला बसते आणि रोज मधेच हसू फुटतं. आजही तसंच झालं. म्हणून म्हटलं, जे झालं ते तुम्हालाच सांगावं, सुरुवातीपासून.

तुम्ही आलात तो एप्रिल होता. तीन महिन्यांचा व्हिसा, दोन बॅगा, आणि त्यातल्या एकीत नुसता साबुदाणा, दाणे नि भाजणी. जिन्यावरून पडलात त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. मांडीच्या हाडात सळई होती. हाड जुळलं होतं, पण तेव्हापासून तुम्ही जमिनीवर बसला नव्हतात. नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं पोरांची कवायत घेतलेल्या माझ्या सासूबाई पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर एवढंच करायच्या. म्हणून मी जय्यत तयारी केली. आपल्याकडे आईवडील परदेशी यायचे म्हटलं की तिकिटाबरोबर व्हीलचेअर सांगायची रीतच आहे, तशी मीही सांगितली. घरी हातांची, उंच पाठीची, जाड गादीची खुर्ची आणली. आणि मग सुरू झालं माझं "बसा आई". पाणी हवंय? बसा आई, मी देते. भाजी चिरता? बसा आई, झालीच. दार वाजलं? बसा, बसा. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही पेपरातून मान वर न करता विचारलंत, "वैशाली, मी इथे पाहुणी आहे की फर्निचर?"

मला राग आला होता, आई. आता सांगायला हरकत नाही. ऑफिसात दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि घरी येऊन सेवा करायची, वर हे ऐकायचं. मी भांडी जरा जास्तच आवाज करत लावली होती.

त्यात वरच्या मजल्यावरची ती मुलगी. आमच्या घराच्या माळ्यावर उतरतं छप्पर असलेली एक खोली आहे, तिथे नेलिदा राहायची. बोलिव्हियातल्या कोचाबांबा नावाच्या गावची, तेवीस वर्षांची, बुटकी, गोल चेहऱ्याची, केसांत कायम पेन्सिल खोचलेली. मातृभाषा स्पॅनिश. बसने हायडेलबर्गला फिजिओथेरपीच्या कॉलेजात जायची, शेवटचं वर्ष होतं. खोलीच्या बदल्यात ती दुपारी सईला बालवाडीतून आणायची आणि मी येईपर्यंत सांभाळायची. तुम्हाला हे कळलं त्या दिवशी तुम्ही सरळ विचारलंत, "मी तीन महिने घरात असताना परकी मुलगी कशाला?"

"अहो आई, तुम्हाला त्रास नको म्हणून."

"माझ्या त्रासाचं मी विचारलं नाही. मला नातीला आणायला जमणार नाही असं तुझं मत आहे का, ते विचारलं."

मी म्हटलं, "तसं नाही हो," आणि गॅसकडे वळले. आपलं ते बोलणं तिथेच थांबलं आणि पुन्हा कधी निघालंच नाही. खरं उत्तर "हो" होतं.

तुम्ही त्या मुलीशी फुगून वागायचं ठरवलं होतंत. पण नेलिदाला कुणी फुगलंय हेच कळायचं नाही. पहिल्याच भेटीत तिने पुढे होऊन तुमच्या गालाचा पापा घेतला, त्यांच्याकडची रीत. तुम्ही जागच्या जागी थिजलात. नंतर मला म्हणालात, "एवढं तर तुझ्या मामंजींनीसुद्धा कुणासमोर..." आणि पुढचं वाक्य गिळलंत. मग आपण तिघी फिरायला निघालो तेव्हा तुमच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली आणि ती पटकन खाली वाकून बांधायला लागली. पायाला हात लागल्याबरोबर तुमचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. "सुखी राहा." तिने वर बघून मला जर्मनमध्ये विचारलं, हे काय होतं? मी सांगितलं, आमच्याकडे लहान माणूस मोठ्यांच्या पाया पडतं आणि मोठी माणसं आशीर्वाद देतात. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी बसला पळण्याआधी तुमच्या नाड्या बांधायला हजर. घट्ट बांधलेल्यासुद्धा सोडून बांधायची. आठवडाभरात तुम्ही तिचं निलू केलंत आणि फुगणं संपलं.

आणि ती एकादशी! तुम्ही हट्टाने उभं राहून साबुदाण्याची खिचडी केलीत, मी मागे खुर्ची धरून उभी. निलूने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हे आमच्याकडचं आहे."

"काय आमच्याकडचं?" मी भाषांतर करायच्या आधीच तुम्हाला सुगावा लागला होता.

ती बोटांवर मोजायला लागली. दाणे मूळचे आमच्या डोंगराकडचे, आजीच्या हातचं दाण्याचं सूप अजून जिभेवर आहे. बटाटा तर आमचाच. मिरचीही आमच्या बाजूची. आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिकडूनच जगभर गेला. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि तुमचा चेहरा बघत होते. आयुष्यभराच्या एकादश्या डोळ्यांपुढून जात असाव्यात.

"मग आमचं काय राहिलं यात?"

"तूप," मी म्हटलं.

"आणि उपास!" तुम्ही डाव उचलून मांडलात. "उपास आमचा. तिला सांग, नुसते दाणे असून चालत नाही, ते न जेवता खायची अक्कल लागते."

मी सांगितलं. ती इतकी हसली की केसांतली पेन्सिल खाली पडली. हे भांडण तुम्ही जाईपर्यंत चाललं. तुम्ही म्हणायचात, तुमच्या डोंगरात दाणे उगवले असतील, पण भाजून कूट करायचं सुचलं का? ती म्हणायची, घरी विचारून सांगते. तिने कधी सांगितलं नाही आणि तुम्ही कधी सोडलं नाहीत.

मग मे महिन्यात एका दुपारी मी लवकर घरी आले तर निलू स्वयंपाकघरात टेबलावर डोकं ठेवून रडत होती, सई तिच्या पाठीवर थापट्या मारत होती आणि तुम्ही शेजारी चहा घेऊन उभ्या होतात. खुर्चीत नव्हतात, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. निलू प्रात्यक्षिक परीक्षेत नापास झाली होती. जून अखेरीला फेरपरीक्षा, ती शेवटची. त्यातही गेली तर कॉलेज संपलं, आणि कॉलेज संपलं की आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांना राहायची परवानगी देणारं ऑफिस, काही तिचा परवाना वाढवून देणार नव्हतं. पाच वर्षं, दोन भाषा शिकून, बॅग भरून कोचाबांबा.

"का नापास केलं विचार," तुम्ही म्हणालात.

तिने शेरा दाखवला. मी वाचला. पेशंट म्हातारे गृहस्थ होते, पलंगावरून उठून चालायचं होतं. निलूने त्यांना उठवलं, बसवलं, सपाता घातल्या, कमरेला धरून चालवलं. परीक्षकांनी लिहिलं होतं, की पेशंटने काहीच केलं नाही, सगळं विद्यार्थिनीने केलं.

"म्हणजे ही चांगली वागली म्हणून नापास झाली?"

"हो, आई. तिचं कामच ते आहे. त्यांना स्वतःहून उठायला लावायचं. आणि तिला मोठ्या माणसांना हुकूम करता येत नाही. तोंडातून आवाजच निघत नाही म्हणते."

तुम्ही कप खाली ठेवलात. निलूकडे बघितलंत, मग त्या खुर्चीकडे, मग माझ्याकडे. "आणि तू गं? तू रोज पास कशी होतेस?"

मी शेऱ्याचा कागद निलूला परत दिला. सई मात्र जर्मनमध्ये विचारत होती, आजी काय म्हणाली, आजी काय म्हणाली.

त्या संध्याकाळी निलूने आजीचं सांगितलं. तिची आजी बाजारातून येताना पडली होती. पाय बरा झाला, पण घरातल्या सगळ्यांनी इतक्या मायेने तिला अंथरुणावर ठेवलं, हातात पाणी, तोंडात घास, की वर्षभराने तिला उभंच राहता येईना. निलूनेच तिला सगळ्यात जास्त भरवलं होतं. आजी अंथरुणातच गेली. "म्हणून मी हे शिकायला आले," ती म्हणाली, "आणि इथे येऊन पुन्हा तेच करते." मी भाषांतर करत होते. शेवटचं वाक्य मी खुर्चीकडे बघत सांगितलं. तुम्ही ते बघितलंत आणि चहा गार झाला म्हणून उठलात.

दुसऱ्या दिवशी तुमचा निर्णय तयार होता. तिच्या कॉलेजात फेरपरीक्षेला विद्यार्थ्याने स्वतःचा पेशंट आणायचा होता, ज्याच्यावर काही आठवडे काम केलंय असा. "मी तिची पेशंट. मला खाली मांडी घालून बसायचंय आणि कुणाचा हात न धरता उठायचंय. बस्स."

मी कडाडून विरोध केला. सळई आहे, हाड आहे, परदेश आहे, विमा आहे. सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावला, म्हटलं ते तरी समजावतील. ते म्हणाले, "अहो, हाड कधीच पक्कं झालंय. रोज खाली बसून उठा, सावकाश सवय करा, असं मी वर्षापूर्वीच तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं." मी मिस्टरांकडे बघितलं. मिस्टरांना एकदम बाहेर काहीतरी आणायचं आठवलं.

आणि मग ते सहा आठवडे! आई, तुमच्या शपथेवर सांगते, त्या घरात इतकं हसणं आधी नव्हतं नि नंतर झालं नाही. पहिला प्रश्न लुगड्याचा. गुडघ्यावर रांगायचं तर साडी आड येते. तुम्ही सुहासची निळी ट्रॅकपँट चढवलीत, आरशात बघितलंत आणि म्हणालात, "सांगलीत बोललीस तर याद राख." बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

दुसरा प्रश्न निलूच्या आवाजाचा. ती जर्मनमध्ये पुटपुटायची, "कृपा करून, जमलं तर, उजवा गुडघा जरा पुढे घ्याल का?" तुम्हाला शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. "ही मला काम सांगतेय की माझी माफी मागतेय?" तुम्ही तिला दिवाणखान्यात मधोमध उभी केलीत. "आवाज पोटातून काढ. म्हण. साव-धान!" निलू म्हणाली, सावधान. "मेलेल्या उंदरासारखं नको. पुन्हा!" चौथ्या दिवशी तिच्या "विश्राम!"ने कपाटातल्या काचा वाजल्या आणि खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. एक ते तीन दुपारची शांततेची वेळ असते, रूहेत्साइट, याची त्यांनी आठवण करून दिली. तुम्ही ट्रॅकपँटमध्येच दार उघडलं होतंत. "या ना, खिचडी खाऊन जा," म्हणालात मराठीत. त्या चक्क आत आल्या.

पण खरी अडचण तिच्या हातांची होती. तुम्ही जमिनीवर बसायचात, मग एका कुशीवर वळून हात टेकायचात, गुडघ्यांवर यायचात, एक पाय पुढे घ्यायचात. आणि नेमक्या त्या क्षणी, तुम्ही जरा थरथरलात की निलूचे हात पुढे यायचे. दर वेळी. तिला कळायच्या आधी. तुम्ही वैतागलात आणि शाळेतला जुना उपाय काढलात. "हाताची घडी!" तुम्ही करून दाखवलंत, तिने केली. "तोंडावर बोट नको, तोंडाने हुकूम सोडायचेत. पण हाताची घडी सोडलीस तर बाकावर उभी करीन." ती एका पावलावर, अगदी जवळ, हाताची घडी घालून उभी राहायला लागली. पडायला आलात तर घडी सोडायची, एरवी नाही. मीही तिथेच असायचे, तव्यावरची पोळी करपवत. माझ्याकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "आणि तूसुद्धा." मी हसण्यावारी नेलं.

परीक्षेचा दिवस. तुम्ही सुहासची ट्रॅकपँट, वर तुमचा मोतिया स्वेटर, कपाळाला टिकली. निघताना निलू सवयीने तुमच्या नाड्यांसाठी वाकली तर तुम्ही पाय मागे घेतलात. पायरीवर बसलात, वाकलात आणि दोन्ही नाड्या स्वतः बांधल्यात. मग पाय पुढे केलेत. "आता पड पाया." ती पडली. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात आणि "सुखी राहा"च्या ऐवजी म्हणालात, "घसा साफ ठेव."

कॉलेजातली ती खोली मला अजून दिसते. निळी चटई, तीन परीक्षक, मधल्या बाई आखूड पांढऱ्या केसांच्या, हातात पेन. मी दुभाषी म्हणून कोपऱ्यात. निलू पांढऱ्या शर्टात, पेन्सिल केसांत तशीच. तिने सूचना दिल्या आणि आवाज पोटातून येत होता. तुम्ही खाली बसलात. मांडी घातलीत. दोन वर्षांनी सगळ्यांसमोर, देवापुढे बसावं तशा. मग उठायची वेळ. कुशीवर, हात टेकून, गुडघ्यांवर, डावा पाय पुढे. आणि तिथे तुम्ही अडकलात. मांडी लटलट कापायला लागली. तुमच्या कपाळावर घाम आलेला मला कोपऱ्यातून दिसला. निलूचे खांदे ताठ झाले, पण घडी सुटली नाही. आणि मी, आई, मी पळत सुटले. खुर्ची मागे पडली, मी दोन्ही हात पुढे करून चटईकडे धावले.

निलूने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. काचा वाजतील अशा आवाजात म्हणाली, "ताई! हाताची घडी!"

मराठीत. मी थबकले. एका सॉफ्टवेअर कंपनीतली चाळीशीला आलेली बाई, तीन जर्मन परीक्षकांसमोर, पहिलीतल्या पोरीसारखी हाताची घडी घालून उभी राहिले. तुम्ही वर बघितलंत, मी तशी उभी दिसले, आणि तुम्हाला हसू फुटलं. एका गुडघ्यावर, घामाने निथळत, तुम्ही खदखदून हसलात. पोटातून हसायला लागलं की माणसाचं अंग सैल पडतं म्हणतात, काय झालं ते निलूला नीट सांगता येईल, मला नाही. पण हसता हसता तुम्ही मांडीवर हात टेकलात आणि उभ्या राहिलात. कुणाचा हात न धरता.

मग पांढऱ्या केसांच्या बाईंनी मला विचारलं, "बरं, ती तुम्हाला काय म्हणाली?" मी सांगितलं, की आजींना मदत करू नका, हात बांधून उभ्या राहा. त्यांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. बाहेर बाकावर आपण तासभर बसलो होतो, तुम्ही पिशवीतून लाडू काढून निलूला भरवलात आणि लगेच म्हणालात, "अरे, भरवायचं नाही ना?" आणि लाडू तिच्या हातात दिलात. निकाल सांगायला त्या बाई स्वतः आल्या. निलू पास झाली. तिने आधी तुमच्या गालाचा पापा घेतला, मग माझ्या, मग त्या परीक्षक बाईंच्या. त्याही तुमच्यासारख्याच थिजल्या.

नंतरच्या आठवड्यात तुम्हाला सोडायला आपण फ्रँकफर्टला गेलो आणि तिथे, काउंटरपाशी, तुमच्या नावाची व्हीलचेअर उभी. परतीच्या तिकिटावरचीसुद्धा मीच मार्चमध्ये सांगून ठेवलेली. रद्द करायची राहून गेली होती. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही खुर्चीकडे बघितलंत, तिला ढकलायला आलेल्या माणसाकडे बघितलंत. मग तुमची जड बॅग तिच्यात ठेवलीत, वर पर्स, वर शाल, आणि त्याला बाजूला करून स्वतः ढकलत निघालात. तो बिचारा मागे मागे. त्या दिवशी मला तुम्हाला सॉरी म्हणायचं होतं, आई. खुर्चीबद्दल, "बसा आई"बद्दल, सईला बालवाडीतून आणायला तुम्हाला जमणार नाही असं मी ठरवून टाकलं त्याबद्दल. काचेपाशी पोचलो तेव्हा तोंडातून निघालं, "पोचल्यावर फोन करा." तुम्ही म्हणालात, "करीन की." आणि गेलात.

दोन वर्षं दर रविवारी फोन केलात. पहिलं वाक्य ठरलेलं, "आज खाली बसले होते." कधी चकल्या करायला, कधी शेजारच्या मुलीला पाढे शिकवायला, कधी उगाचच. मी म्हणायचे, सावकाश हं आई. तुम्ही म्हणायचात, घडी घाल. पुढच्या रविवारी तेच.

सुहासने ऑफिसातून फोन केला तेव्हा मी एकच विचारलं, कुठे होत्या? तो म्हणाला, स्वयंपाकघरात, खाली बसली होती. दुसऱ्या दिवशी उपास म्हणून दाणे भाजून सोलत होती. भिंतीला पाठ, मांडीत सूप. शेजारच्या काकूंना वाटलं डोळा लागला. मला रडू कोसळलं, आणि त्यातच कुठेतरी जिवाला गारही वाटलं. खुर्चीत नव्हतात.

आज एकादशी आहे. दुपारी निलू आली. आता ती एका पुनर्वसनाच्या दवाखान्यात काम करते, म्हाताऱ्यांना जरबेने उठवते, म्हणे तिच्या वॉर्डात सगळे तिला घाबरतात. तिने आत आल्याबरोबर तुमच्या फोटोसमोर बसून डोकं टेकवलं. मग आम्ही दोघी फरशीवर बसलो आणि दाणे सोलायला घेतले. ती म्हणाली, आजीला विचारायचं राहिलं, कूट आमच्याकडे करायचे का. तुमच्यापाशी हरल्याचं तिने एवढ्यावरच कबूल केलं. मी हसले आणि हसता हसता जे रडायला लागले ते थांबेना. सुपातली सालं सगळीकडे उडाली. उठताच येईना मला, आई. त्या मुलीसमोर मी सगळं बोलून टाकलं. की मी तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवलं, की ती सेवा नव्हती, मला भीती वाटत होती तुम्ही पुन्हा पडाल आणि ठपका माझ्यावर येईल. की विमानतळावर एक शब्द बोलायचा होता आणि मी फोन करा म्हणाले. मराठीत बोलत होते. तिला किती कळलं कोण जाणे.

तिचे हात पुढे आले. मी बघितले ते. माझ्या काखेत घालून मला उचलायलाच आले होते. मग ती थांबली. मागे सरली, एका पावलावर उभी राहिली आणि हाताची घडी घातली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या, ते पुसायलासुद्धा घडी सोडली नाही. आतून सई ओरडून विचारत होती, जर्मनमध्ये, की खिचडी कधी होणार.

मी कुशीवर वळले. हात टेकले. गुडघ्यांवर आले. डावा पाय पुढे घेतला, तिथे जरा वेळ लागला. मग उठले. साडीला चिकटलेली सालं झटकली आणि तूप गरम करायला ठेवलं.

कुणी हात दिला नाही, आई. तुम्ही असतात तर आज मला पास केलं असतंत.